‘नोव्हेंबरच्या आधीचा की नंतरचा?’

* बोरिवली लोकलमधल्या या प्रश्नात लग्न जुळवण्याइतकी चौकशी दडली आहे. १ नोव्हेंबर २००५ पासून राज्य सरकारी सेवेत आलेल्यांना १९८२ च्या नियमांची पेन्शन बंद झाली. मूळ पगार अधिक महागाई भत्ता यांतून १० टक्के कापून अंशदानाचं खातं सुरू झालं. मुंबई महापालिकेत हीच रेघ ५ मे २००८ ला पडली, म्हणून मुलुंडच्या वॉर्ड ऑफिसातला कारकून ‘मी मेनंतरचा’ म्हणतो. शेजारच्या टेबलावरचे सावंतसाहेब मात्र शेवटच्या पगाराच्या निम्मी पेन्शन, वर डीए, अशी बेरीज जुन्या पाकिटाच्या पाठीवर मांडतात. मार्च २०२३ च्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या संपातली ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ ही घोषणा याच रेघेवरून. (इथे ‘जुनी’ हे कौतुकाचं विशेषण आहे.) – संपा.