'मोटिव्ह' आणि 'हेतू'

'मोटिव्ह' हा इंग्रजी शब्द 'हलविणे' या अर्थाच्या लॅटिन क्रियापदापासून आला. कृतीला मागून चालना देते ते मोटिव्ह. मराठीत त्यासाठी 'हेतू' रूढ झाला. परंतु या शब्दाची दिशा मध्यंतरी पालटली आहे. मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त शक्ती, निपुणता आणि अभ्यास यांना काव्याचा हेतू मानले, तर यश, अर्थ इत्यादींना प्रयोजन. तेथे हेतू कृतीच्या मागे आहे, प्रयोजन पुढे. आजच्या मराठीत हेतू म्हणजे मनात योजलेले साध्य, अर्थात जुने प्रयोजनच.

हा भेद केवळ कोशकारापुरता नाही. कोलरिजने १८१९ च्या सुमारास 'ऑथेल्लो'वरील टिपणात इयागोचा दुष्टावा मोटिव्हवाचून आहे आणि तो स्वतःच ते शोधत राहतो, असे सुचविले. हे नाटक महादेवशास्त्री कोल्हटकरांनी १८६७ मध्येच मराठीत आणले. पुढे देवलांनी त्याचे 'झुंझारराव' केले. मात्र कोलरिजचे मत 'निर्हेतुक दुष्टावा' असे उतरविले, तर ते खोटे ठरते. ऑथेल्लोचा घात हा इयागोचा हेतू उघडच आहे. शिवाय भागवतात 'अहैतुकी' हे भक्तीचे भूषण आहे. इयागोपाशी नाही ते पुरेसे कारण. कॅसिओला मिळालेली बढती, पत्नीविषयीचा संशय, ही त्याने सांगितलेली कारणे त्याच्या द्वेषापुढे तोकडी पडतात.

भर्तृहरीने 'नीतिशतका'त व्याध, कोळी आणि चहाडखोर यांना निष्कारण वैरी म्हटले आहे. इयागोसाठी नेमका शब्द तेथे सापडतो. तेव्हा मूळ वाक्यातला 'मोटिव्ह' मागे पाहतो की पुढे, हे अनुवादकाने आधी ठरवावे, प्रतिशब्द त्यानंतर.