शब्बाथ आणि सायकल

आमच्या घरात देवावरून कधी भांडणं झाली नाहीत. सायकलवरून मात्र झाली.

मी मंगळवार पेठेत राहतो आणि रोज सायकल चालवतो. कामावर, बाजाराला आणि रविवारी उपासनेलासुद्धा. मिरजकर तिकटीवरून बिंदू चौक, तिथून दसरा चौक आणि पुढे न्यू शाहूपुरीत वायल्डर मेमोरियल चर्च. रमतगमत गेलं तरी पंधरा-वीस मिनिटं. व्यायाम म्हणा, सवय म्हणा, मला आवडतं. पण आमचे अण्णा (माझे वडील) दर रविवारी न चुकता म्हणायचे, "चर्चला तरी गाडीवरून जा की रे!"

त्या 'तरी'मागे बराच इतिहास आहे. आज तोच सांगायचा आहे.

ज्यांच्या नावाचं चर्च, ते रॉयल वायल्डर १८५२ मध्ये कोल्हापुरात आले. त्याआधी ते अहमदनगरला होते. तेव्हा कोल्हापूरला रेल्वे नव्हती, ती यायला १८९१ साल उजाडलं. फिरायचं ते बैलगाडीतून, घोड्यावरून नाहीतर पायी. आज आपण चालवतो तशा घडणीची, दोन सारख्या चाकांची आणि चेनची 'रोव्हर' सायकल इंग्लंडमध्ये जॉन केम्प स्टार्लीने १८८५ मध्ये आणली. म्हणजे वायल्डर आले तेव्हा ती तेहतीस वर्षं दूर होती. १८८८ मध्ये डनलॉपने हवेचा टायर आणला आणि मग कुठे सायकल माणसाच्या हाडांना सोसायला लागली!

वायल्डरसाहेब आणि सायकल यांचा थेट संबंध काहीच नाही. पण आडून एक धागा जातो, आणि तो मला फार आवडतो.

१८७८ मध्ये पोस्टात नोकरी करणारे गोपाळराव जोशी कोल्हापुरात होते. बायकोला अमेरिकेत शिकवावं म्हणून त्यांनी इथल्या मिशनकडे पत्र दिलं. ते वायल्डर यांच्यापर्यंत गेलं. ते तोवर अमेरिकेला परतले होते आणि 'मिशनरी रिव्ह्यू' नावाचं मासिक काढत होते. त्यांचं उत्तर, ख्रिस्ती व्हायची तयारी असेल तर बघू, अशा धर्तीचं होतं. ख्रिस्ती माणूस म्हणून मला ते आजही खटकतं. मदतीला अट घातली की ती मदत राहत नाही. पण त्यांनी तो पत्रव्यवहार मासिकात छापला. दातांच्या डॉक्टरकडे नंबर लागायची वाट बघत बसलेल्या न्यू जर्सीच्या कार्पेंटरबाईंनी तो वाचला आणि कुठलीही अट न घालता मदतीचा हात पुढे केला. ती मुलगी म्हणजे आनंदीबाई जोशी. त्या हिंदूच राहिल्या, ११ मार्च १८८६ ला डॉक्टर झाल्या, आणि त्यांची नेमणूक झाली ती आपल्या कोल्हापुरात, आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या स्त्रियांच्या विभागात. ते काम हाती घेण्याआधीच, २६ फेब्रुवारी १८८७ ला, त्या गेल्या.

त्यांच्या पदवीदान समारंभासाठी पंडिता रमाबाई अमेरिकेला गेल्या होत्या. रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतलेला. अमेरिकेत त्यांची ओळख झाली फ्रान्सिस विलर्ड यांच्याशी. या बाई दारूबंदीसाठी लढणाऱ्या ख्रिस्ती स्त्रियांच्या मोठ्या संघटनेच्या अध्यक्ष, मेथडिस्ट पंथाच्या. आणि इथे आपली सायकल येते.

१८९२ मध्ये विलर्डबाईंची आई वारली. बाई खचल्या, तब्येत ढासळली. मग त्यांनी वयाच्या ५३व्या वर्षी सायकल शिकायला घेतली! रोज साधारण पंधरा मिनिटं, अशी तीन महिने. त्या काळचे ते घोळदार कपडे सांभाळून. सायकलीचं नाव ठेवलं 'ग्लॅडिस'. १८९५ मध्ये त्यावर एक छोटं पुस्तकही लिहिलं. तोल सांभाळणं, पडल्यावर पुन्हा बसणं, नजर चाकाऐवजी पुढे ठेवणं, हे सगळं त्यांना आयुष्याचं आणि श्रद्धेचं शिक्षण वाटलं. एवढ्या मोठ्या बाईने सायकलवर बसून दाखवणं हा त्या काळात निव्वळ छंद नव्हता. बायकांनी एकट्याने घराबाहेर पडावं की नाही, या वादात टाकलेलं ते मत होतं.

पण सगळ्या चर्चला सायकल आवडली असं मात्र नाही. १८९० च्या दशकात अमेरिकेत सायकलची लाट आली आणि पाळकांना चिंता लागली. लोक रविवारी उपासना सोडून फिरायला जायला लागले! काही पाळकांनी व्यासपीठावरून सायकलला झोडपलं, तर काही चर्चनी शहाणपणा करून सायकली ठेवायला जागा करून दिली. शर्यतींवरही शब्बाथाची छाया होती. सहा दिवस चालणाऱ्या सायकल शर्यती प्रसिद्ध होत्या. सहाच का? तर सातवा रविवार!

याच काळातला मेजर टेलर हा कृष्णवर्णीय सायकलपटू. १८९९ मध्ये माँट्रियलला तो जगज्जेता झाला. कट्टर बाप्टिस्ट, म्हणून रविवारी शर्यतीत उतरायचा नाही. युरोपात मोठ्या शर्यती रविवारीच असत. तरी १९०१ मध्ये तिथल्या लोकांनी त्याच्यासाठी दुसरे वार ठरवले. कारकिर्दीच्या उत्तरार्धात मात्र त्याला तो नियम सोडावा लागला. मला त्याबद्दल त्याला नावं ठेवाविशी वाटत नाहीत. कातडीच्या रंगावरून ज्याला हॉटेलात खोली नाकारली जायची, त्याने इतकी वर्षं रविवार सांभाळला हेच विशेष.

आणि इटलीचा जिनो बार्ताली. १९३८ आणि १९४८ अशी दोनदा टूर द फ्रान्स जिंकलेला, भाविक कॅथलिक. १९४३-४४ मध्ये सरावाला निघालोय असं दाखवून तो सायकलच्या पोकळ नळीत बनावट कागदपत्रं लपवून न्यायचा. छळातून सुटू पाहणाऱ्या ज्यूंसाठी. जिवंतपणी याचा त्याने गाजावाजा केला नाही. इस्राएलच्या याद वाशेमने त्याचा सन्मान केला तो २०१३ मध्ये, तो जाऊन तेरा वर्षं झाल्यावर.

असो. जगाचं खूप झालं, आता आमच्या घरी येतो.

माझे आजोबा मिशनचे उपदेशक होते. त्यांच्याकडे एक काळी हर्क्युलस होती. कॅरियरला पिशवी, पिशवीत शास्त्र आणि गीतांचं पुस्तक. भुदरगडच्या बाजूची गावं ते त्या सायकलवर करायचे. आमचं घराणं कुठल्या वस्तीतून ख्रिस्ती झालं हे नातेवाइकांना सांगायला नको. आजी सांगायची, की एका गावात त्यांनी वेशीशी सायकलवरून उतरून ती हातात धरून चालत जावं, अशी 'रीत' होती. बाप्तिस्मा झाला म्हणून ती बदलली नव्हती. आजोबा बरीच वर्षं उतरत राहिले. मग एकदा उतरले नाहीत. घंटी वाजवत थेट आत गेले. त्या दिवशी काय झालं हे आजी कधी सांगायची नाही, एवढंच म्हणायची की पुढच्या महिन्यातही ते बसूनच गेले.

म्हणजे आजोबांसाठी सायकल ही ताठ कणा होती.

अण्णांसाठी तीच सायकल गरिबी होती. फाटक्या सीटवर बसून कॉलेजला जाणं, पावसात चेन पडणं, पंक्चरला पैसे नसणं. नोकरी लागल्यावर त्यांनी हप्त्यांनी स्कूटर घेतली आणि पहिल्याच रविवारी आईला मागे बसवून चर्चच्या दारात उभी केली. ती स्कूटर त्यांची साक्ष होती. त्यामुळे मी चांगली नोकरी असताना सायकलवर जातो म्हटल्यावर ते एकदा चिडून म्हणाले, "आपल्या माणसांना सायकलवरून उतरायला पन्नास वर्षं लागली आणि तू परत चढून बसलास!"

याला माझ्याकडे झटपट उत्तर नव्हतं, आजही नाही. हौसेने सायकल चालवणं आणि नाइलाजाने चालवणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि माझी हौस त्या दोघांच्या कष्टांवर उभी आहे. पर्यावरण, पेट्रोलचे भाव वगैरे कारणं मी त्यांना कधी सांगितली नाहीत. ती खरी असली तरी त्यांच्या बोलण्याचं उत्तर नव्हती.

मी त्यांना चांगल्या शोमरोन्याची गोष्ट आठवून दिली. त्यात याजक गेला, लेवी गेला, आणि थांबला तो शोमरोनी. तो वाहनावर होता, पण उतरला. जखमी माणसाला आपल्या जनावरावर बसवलं, म्हणजे पुढची वाट स्वतः बहुतेक चालला असणार. मला सायकल आवडते ती यासाठी. एक पाय टेकवला की थांबता येतं. मंडळीतल्या एक आजी हल्ली उपासनेला का दिसत नाहीत, हे मला त्यांच्या गल्लीतून जाताना दार बंद दिसलं म्हणून कळलं. गाडीवरून मी त्या गल्लीत शिरलोच नसतो.

अण्णा ऐकून गप्प बसले. मग म्हणाले, "उतरायला लावणं वेगळं आणि आपण होऊन उतरणं वेगळं. एवढं लक्षात ठेव म्हणजे झालं."

या सगळ्या इतिहासाचं सार त्यांनी एका वाक्यात सांगितलं, असं मला वाटतं. आजोबांना उतरायला लावलं गेलं, म्हणून त्यांचं न उतरणं ही भक्ती होती. मला कुणी उतरवत नाही, म्हणून कुणासाठी तरी उतरणं हा माझा वाटा.

अण्णा आता नाहीत. आजोबांच्या हर्क्युलसचं काय झालं, ती विकली की कुणाला दिली, हे घरात कुणालाच नक्की सांगता येत नाही. काका, आत्या, तुमच्यापैकी कुणाला ठाऊक असेल तर जरूर कळवा. निदान तिची घंटी तरी कुठे सापडली तर बघा :)