पहिल्या भेटीचे नियम : व्हिएन्ना, १९१३

१/ खासगी थेरपिस्टकडे पहिल्यांदा जाणाऱ्याला ठरावीक प्रश्न पडतात. काय बोलायचे? किती काळ लागेल? फी किती? मध्येच सोडता येते का? हेच प्रश्न सिग्मंड फ्रॉइड यांनी १९१३ सालच्या एका लेखात घेतले. विषय होता, मनोविश्लेषणाच्या उपचाराची सुरुवात कशी करावी. #थ्रेड

२/ लेख डॉक्टरांसाठी होता. पण व्हिएन्नातील बर्गगासे १९ या पत्त्यावर येणाऱ्या रुग्णापुढे काय वाढून ठेवलेले असे, हे त्यातून नेमके कळते. फ्रॉइड १८९१ पासून तेथे राहत होते आणि त्याच इमारतीत रुग्णांना भेटत.

३/ आरंभी एक-दोन आठवडे केवळ चाचणीचे. हा उपचार या रुग्णाला मानवेल का, हे डॉक्टर त्या काळात पाहत. तोवर कोणतेही आश्वासन नाही.

४/ मग वेळ ठरे : रविवार व सुट्ट्या वगळून रोज एक तास. तो तास रुग्णाने जणू भाड्याने घेतलेला. तो आला नाही तरी पैसे द्यावेच लागत. चुकवलेल्या भेटीची फी आकारण्याची आजची पद्धत याच जातीची.

५/ रुग्ण कोचावर आडवा, डॉक्टर त्याच्या मागे. फ्रॉइड यांनी याची कारणे मोकळेपणाने दिली आहेत. एक तर हा संमोहनाच्या जुन्या पद्धतीचा अवशेष. दुसरे, दिवसाचे आठ तास लोकांनी आपल्याकडे टक लावून पाहणे त्यांना सोसत नसे! आज बहुतेक थेरपिस्ट समोरासमोर बसतात.

६/ रुग्णाला पाळायचा मुख्य नियम एकच : मनात येईल ते बोलणे. क्षुल्लक वाटले, लाज वाटली, विषय सोडून वाटले, तरीही. आगगाडीच्या खिडकीशी बसलेल्या प्रवाशाने बाहेरचे बदलते दृश्य शेजाऱ्याला सांगत राहावे, तसे.

७/ किती काळ लागेल? येथे फ्रॉइड इसापाच्या गोष्टीचा आधार घेतात. वाट किती लांब आहे, असे विचारणाऱ्या वाटसरूला उत्तर मिळते : आधी चालून दाखव. चाल पाहिल्याशिवाय अंतराचा हिशेब कसा सांगणार? मात्र अर्धे वर्ष ते काही वर्षे लागू शकतात, याची कल्पना सुरुवातीलाच द्यावी, असे ते बजावतात.

८/ सोडायचे असेल तर? रुग्णाला केव्हाही थांबण्याची मुभा होती. ती एका तरुणीने आधीच बजावली होती. १९०० साली वडिलांनी आणलेली, ‘डोरा’ या टोपणनावाने ओळखली जाणारी ही १८ वर्षांची मुलगी. वडिलांच्या मित्राने आपल्याशी लगट केली, असे ती सांगत होती. ते घडले हे फ्रॉइड यांना मान्य होते. पण तिचेच त्या माणसावर छुपे प्रेम आहे, हा त्यांचा आग्रह. ३१ डिसेंबरला तिने उपचार थांबवला. आपले कोठे चुकले, याची मीमांसा त्यांना १९०५ च्या वृत्तान्तात करावी लागली.

९/ फीबद्दल संकोच नको, पहिल्याच दिवशी स्पष्ट बोलावे, हे त्यांचे मत. सुमारे दहा वर्षे ते रोज एक-दोन तास विनामूल्य देत होते. पण फुकटच्या उपचाराने रुग्णाचा अंतर्गत विरोध वाढतो, असा निष्कर्ष त्यांनी काढला. मग गरिबांनी जावे कोठे?

१०/ महायुद्धाच्या अखेरीस, सप्टेंबर १९१८ मध्ये बुडापेस्टच्या परिषदेत फ्रॉइड यांनीच वेगळा सूर लावला. शस्त्रक्रियेवर गरिबाचा जितका हक्क, तितकाच मनाच्या उपचारावरही, असे त्यांनी मांडले. १९२० मध्ये बर्लिनला आणि १९२२ मध्ये व्हिएन्नात अल्प वा विनाशुल्क उपचार देणारी केंद्रे उघडली.

११/ कोच मागे पडला, रोजचा तास बहुधा आठवड्याचा झाला. वेळ, फी, कालावधी आणि थांबण्याची मुभा यांविषयी पहिल्याच भेटीत विचारणे मात्र शंभर वर्षांपूर्वीही उद्धटपणाचे नव्हते. तो उपचाराच्या सुरुवातीचाच भाग होता. बुडापेस्टमध्ये मांडलेला हक्क तेवढा अजून बहुतेकांच्या खिशाबाहेर आहे.