टॉन्सिल्स कधी काढावेत?

सुश्रुतसंहितेत टाळूच्या रोगांमध्ये ‘तुंडिकेरी’ येतो. त्यावर शस्त्रकर्मही सांगितले आहे. म्हणजे टॉन्सिल्सवरील शस्त्रक्रियेची कल्पना जुनीच. ती करावी केव्हा, हा प्रश्न मात्र फार उशिरा विचारला गेला.

१९३४ साली न्यूयॉर्कमधील १००० शाळकरी मुलांची पाहणी प्रसिद्ध झाली. ६११ मुलांचे टॉन्सिल्स आधीच काढलेले होते. उरलेल्या ३८९ पैकी १७४ जणांना डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सुचवली. राहिलेली २१५ मुले पुन्हा इतर डॉक्टरांना दाखवली, तर ९९ जणांना तोच सल्ला! तिसऱ्या फेरीनंतर सल्ल्यावाचून उरली फक्त ६५. निर्णय घसा पाहून होत होता की सवयीने?

१९७६ मध्ये गिलेमिनो व सहकाऱ्यांनी आठ मुलांच्या झोपेत श्वास अडत असल्याचे नोंदवले. हाच स्लीप ॲप्निया. आता निर्णयाला मोजमापाचा आधार मिळाला. २०१३ च्या अमेरिकन चाचणीत ४६४ मुले होती. शस्त्रक्रियेनंतर ७९ टक्के मुलांची झोपेतील नोंद सामान्य झाली. नुसते थांबलेल्यांतही ४६ टक्क्यांची झाली. लक्ष देण्याच्या चाचणीत मात्र विशेष फरक पडला नाही.

प्रौढांचे गणित वेगळे. मुंबईच्या २००४ मधील अभ्यासात मध्यमवयीन पुरुषांपैकी ७.५ टक्क्यांना हा विकार आढळला. तिथे लठ्ठपणाही कारण असतो. म्हणून १९८१ पासून उपलब्ध झालेला हवेच्या दाबाचा मुखवटा बहुधा आधी सुचवतात.

बोनकोडे असो वा न्यूयॉर्क, वर्गात पेंगणाऱ्या मुलाला आळशी ठरवण्याआधी ‘हा रात्री घोरतो का?’ असे आपण पालकांना विचारू या. पुढचे झोपेची तपासणी ठरवील.