सुटे भाग बदलल्यानंतर संगणक सुरू न झाल्यास

नवा प्रोसेसर, रॅम किंवा ग्राफिक्स कार्ड बसविल्यानंतर संगणक सुरू झाला नाही, तरी नवा भाग सदोष असेलच असे नाही. अनेकदा दोष जोडणीत असतो.

प्रथम वीजपुरवठा पूर्ण बंद करून मदरबोर्डची २४ पिनांची आणि प्रोसेसरची ४ किंवा ८ पिनांची वायर तपासावी. पंखे फिरूनही पडदा काळा राहिल्यास प्रोसेसरची वायर जोडायची राहिलेली असू शकते. ग्राफिक्स कार्डला मदरबोर्डवरील स्लॉटमधून कमाल ७५ वॅट वीज मिळते. त्याहून अधिक लागल्यास पॉवर सप्लायची स्वतंत्र वायर आवश्यक ठरते.

त्यानंतर केवळ आवश्यक भाग आणि एकच रॅम ठेवून संगणक सुरू करावा व उर्वरित भाग एकेक करून जोडावेत. जुना बायोस नवा प्रोसेसर ओळखेलच असे नाही. २०१९ मध्ये आलेल्या एएमडी रायझन ३००० मालिकेसाठी अनेक जुन्या मदरबोर्डचे बायोस अद्ययावत करावे लागले होते.

पॉवर सप्लाय मात्र कधीही उघडू नये. प्लग काढल्यानंतरही त्यातील कपॅसिटरमध्ये धोकादायक विद्युतभार शिल्लक राहू शकतो.