ताठ बसा, पण बसून राहू नका!

'ताठ बस, पोक काढू नकोस' हे शब्द कानावर पडल्याशिवाय मराठी घरातले बालपण सहसा सरत नाही. वडीलधाऱ्यांचा हा उपदेश चुकीचा नाही. मात्र तो अपुरा आहे. पाठीचे आरोग्य एखाद्या आदर्श बैठकीपेक्षा हालचालीवर अधिक अवलंबून असते, असे गेल्या काही दशकांतील संशोधन सांगते. शहरी दिनक्रमातून नेमकी हीच हालचाल हरवत चालली आहे. गर्दीच्या लोकलमधला अवघडलेला प्रवास, संगणकापुढचे आठ-नऊ तास आणि रात्री सोफ्यावर हातात मोबाईल, असा अनेकांचा दिवस सरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० मध्ये जगभरातील सुमारे ६१ कोटी ९० लाख लोक कंबरदुखीने त्रस्त होते. २०५० पर्यंत ही संख्या ८४ कोटींवर जाण्याची शक्यता आहे.

कण्याची रचना

मानेचे ७, पाठीचे १२ आणि कंबरेचे ५ असे २४ सुटे मणके आणि त्याखाली त्रिकास्थी व माकडहाड, अशी कण्याची रचना असते. बाजूने पाहिल्यास निरोगी कणा सरळ रेषेत दिसत नाही. मान व कंबर यांचा बाक आत, तर पाठीचा बाहेर असतो. हे नैसर्गिक बाक जपणे म्हणजेच ताठ बसणे. छाती ताणून कवायतीच्या पवित्र्यात बसणे नव्हे.

मणक्यांमध्ये असणाऱ्या चकत्यांना आपण 'गादी' म्हणतो. प्रौढ वयात या चकत्यांना थेट रक्तपुरवठा जवळजवळ नसतो. त्यांचे पोषण आजूबाजूच्या द्रवातून होते आणि शरीराच्या हालचालीमुळे या देवाणघेवाणीला मदत मिळते. रात्री विश्रांतीत चकत्या पाणी शोषून फुगतात. म्हणूनच माणसाची उंची सकाळी साधारण एक ते दोन सेंटिमीटर अधिक भरते.

खुर्चीत आणि ओट्यापाशी

खुर्चीत बसताना पावले जमिनीवर टेकलेली, कंबरेला आधार आणि खांदे सैल असावेत. खुर्चीला कंबरेपाशी फुगवटा नसल्यास टॉवेलची गुंडाळी पुरते. संगणकाच्या पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीत असावी. लॅपटॉपवर दीर्घकाळ काम असेल, तर तो उंचावर ठेवून कळफलक वेगळा घ्यावा. एवढे सारे जमले, तरी दर अर्ध्या तासाने उठणे आवश्यकच आहे. फोन उभ्याने घेणे, पाण्याची बाटली टेबलावर न ठेवता उठून पाणी पिणे, अशा युक्त्या कामी येतात.

स्वयंपाकघरात ओटा फार खाली असल्यास सतत वाकून कंबर भरून येते. ओट्याची उंची कोपरापेक्षा थोडी खाली असावी. बराच वेळ उभे राहायचे असेल, तर एक पाय आलटून-पालटून पाटावर ठेवल्यास कंबरेवरचा ताण हलका होतो.

मोबाईल पाहताना मान खाली झुकवण्याची सवयही मानेच्या स्नायूंना थकवते. डोक्याचे वजन सुमारे पाच किलो असते. मान ६० अंशांत झुकली, की मानेच्या कण्यावर सुमारे २७ किलो भार येतो, असे गणित अमेरिकेतील शल्यचिकित्सक केनेथ हंसराज यांनी २०१४ मध्ये संगणकीय प्रारूपाच्या आधारे मांडले. त्यामुळे मान खाली नेण्याऐवजी मोबाईल वर आणावा.

ओझे उचलताना

जर्मनीतील उल्म विद्यापीठातील संशोधकांनी एका निरोगी स्वयंसेवकाच्या कंबरेच्या चकतीतील दाब प्रत्यक्ष मोजला. त्याचे निष्कर्ष १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. पाठ गोल करून २० किलो वजन उचलताना हा दाब नुसते उभे राहण्याच्या तुलनेत साडेचार पटींहून अधिक झाला. गुडघे वाकवून उचलल्यावर तो कमी भरला आणि तेच वजन छातीशी धरून उभे राहिल्यावर जेमतेम दुपटीच्या आसपास राहिला. भरलेला गॅस सिलिंडर सुमारे ३० किलोचा असतो, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्यांचा अर्थ उमगतो. वजन अंगाजवळ घ्यावे, गुडघ्यांत वाकावे आणि उचलता उचलता कंबरेतून वळू नये.

मुलांच्या दप्तराचे वजन त्यांच्या वजनाच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नसावे, असे केंद्राच्या २०२० च्या शालेय दप्तर धोरणात नमूद आहे. दप्तर एका खांद्यावर न लटकवता दोन्ही पट्ट्यांनी घ्यावे.

उसण भरली तर

पाठीत उसण भरली, की फळीवर निजून राहण्याचा सल्ला हमखास मिळतो. मात्र दोन दिवसांची विश्रांती सात दिवसांच्या विश्रांतीइतकीच उपयुक्त असल्याचे १९८६ मध्ये अमेरिकेतील एका अभ्यासात दिसून आले. दोन दिवसच विश्रांती घेतलेले रुग्ण कामावरही लवकर परतले. फळीचे म्हणाल, तर जुनाट कंबरदुखीच्या रुग्णांना अतिकठीण गादीपेक्षा मध्यम कठीण गादी मानवते, असा निष्कर्ष २००३ मधील एका स्पॅनिश अभ्यासाने काढला. जुनाट कंबरदुखीसाठी कंबरपट्टा आणि वजने लावून ताण देण्याचा उपचार नेहमीचा भाग म्हणून वापरू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. व्यायामाचा मात्र त्यांत समावेश आहे. रोजचे चालणे आणि पोट व पाठीचे स्नायू बळकट करणारे व्यायाम हीच पाठीची खरी पुंजी होय. दुखणे आधीपासून असल्यास आसने व व्यायाम तज्ज्ञांना विचारून करावेत.

एमआरआय अहवालात 'गादी फुगली' असे वाचून अनेकांचा धीर सुटतो. तथापि कोणतेही दुखणे नसलेल्या अनेकांच्या तपासणीतही वयोमानानुसार असे बदल आढळतात. अहवालापेक्षा लक्षणांना महत्त्व आहे.

काही लक्षणे मात्र क्षणभरही अंगावर काढू नयेत. लघवी किंवा शौचावरील नियंत्रण जाणे, लघवी अडणे, जांघेभोवती बधिरपणा येणे, पायातील शक्ती कमी होत जाणे यांपैकी काहीही जाणवल्यास तातडीने रुग्णालय गाठावे. पाठदुखीबरोबर ताप किंवा अकारण वजन घटणे, तसेच पडल्यानंतर सुरू झालेले तीव्र दुखणे असल्यासही डॉक्टरांना लवकर दाखवावे.

एरवीची बहुतेक पाठदुखी काही आठवड्यांत आटोक्यात येते. ती पुन्हा पुन्हा उद्भवू नये, यासाठी 'ताठ बस' या जुन्या उपदेशाला 'आणि मधूनमधून ऊठ' एवढी जोड द्यायला हवी.