‘टॉरिन’ : नाव आणि वस्तू

बैलाच्या पित्तातून एक स्फटिकरूप द्रव्य १८२७ साली हायडेलबर्ग येथे टीडमान व ग्मेलिन ह्या दोघा संशोधकांनी वेगळे केले. १८३८ मध्ये देमार्से ह्यांनी त्यास ‘टॉरिन’ हे नाव दिले. लॅटिन भाषेत ‘टाउरुस’ म्हणजे बैल. आपल्याकडील ‘गोरोचना’ ह्या शब्दाची घडणही अशीच, प्राण्यावरून झालेली. तथापि त्यातील ‘रुच्’ धातूने निदान त्या पदार्थाच्या झळाळीची खूण राखली आहे. ‘टॉरिन’ हा शब्द केवळ उगमस्थान सांगतो, आणि तेही अपुरे.

ह्या द्रव्यात गंधक आहे, हे आरंभी कोणाच्याच ध्यानात आले नाही. रेडटेनबाखर ह्यांनी ते १८४६ मध्ये दाखविले. त्याला अमिनो अम्ल म्हणण्याची रूढी आहे, परंतु ती सैल होय. त्यात कार्बॉक्सिल गटाच्या जागी सल्फॉनिक गट असतो, आणि प्रथिनांच्या घडणीत त्यास स्थान नाही. ह्यामुळेच पित्तलवण बनविण्यापलीकडे त्याचा उपयोग नाही, गंधकयुक्त अम्लांच्या विघटनाचा तो एक अवशेष आहे, असा समज दीर्घकाळ टिकला.

तो समज मोडला मांजरांमुळे. केवळ केसीनवर पोसलेल्या मांजरांचा दृष्टिपटल झिजतो व त्याचे कारण टॉरिनचा अभाव हे आहे, असे हेज व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये सिद्ध केले. १९८७ मध्ये पायन प्रभृतींनी त्याच अभावाचा संबंध हृदयस्नायूच्या दौर्बल्याशी जोडला. मांजर पित्ताम्लांना टॉरिनच जोडते, पण ते स्वतः पुरेसे निर्माण करू शकत नाही. मनुष्याचे यकृत सिस्टीनपासून ते बनविते. नवजात अर्भकात ही शक्ती अल्प असते, म्हणून शिशुआहाराच्या भुकटीत ते घालण्याचा प्रघात पडला.

टॉरिनचे खरे भांडार मात्र समुद्रात आहे. अंधेरीनजीकच्या वेसाव्याच्या कोळीवाड्यात ओळखीची असलेली तिसरी आणि कालवे खाऱ्या पाण्याच्या दाबाशी पेशींचा तोल राखण्यासाठी टॉरिन साठवितात. ते पाण्यात विरघळते. त्यामुळे शिजवताना त्याचा बराच अंश रश्श्यात उतरतो, आणि रस्सा न टाकणारी स्वयंपाकाची रीत ह्या दृष्टीने शहाणपणाची ठरते. वनस्पतींत ते जवळजवळ नसतेच. शाकाहारी मनुष्याच्या रक्तात ते काहीसे कमी आढळते. पण त्यामुळे मांजरासारखी अवस्था होत नाही.

२०२३ मध्ये विजय यादव व सहकाऱ्यांनी टॉरिनच्या घटीचा संबंध वार्धक्याशी जोडला. २०२५ मध्ये त्याच ‘सायन्स’ नियतकालिकातील दुसऱ्या अभ्यासात वयाबरोबर अशी नियमित घट दिसली नाही. वाद मिटलेला नाही. उत्तेजक पेयांच्या डब्यांतील टॉरिन कारखान्यात तयार होते. तरी ते बैलापासून काढतात, ही समजूत त्या नावानेच जिवंत ठेवली आहे.